सुऱ्यांचे फोटो: लाइट बॉक्स घ्यायचा की खिडकीवर भागवायचं?

हाताने घडवलेल्या सुऱ्यांचे फोटो काढायला लागलं की पहिला प्रश्न हाच येतोय, तो घडीचा लाइट बॉक्स, म्हणजे आत एलईडी पट्टी असलेला पांढऱ्या कापडाचा खोका, मागवावा की घरच्या खिडकीच्या उजेडावर भागवावं. मी दोन्ही वापरलंय. आमच्या सांगलीतल्या घरातच, आणि बहुतेक वेळा एका मित्राच्या कामासाठी, जो दिवसा कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो आणि रात्री सुऱ्या घडवायला बेल्ट ग्राइंडरसमोर उभा राहतो. त्यामुळे हे मत त्या अनुभवातनं आलेलं आहे, तुमचं वेगळं पडू शकतं.

कॅमेरा कुठला, लेन्स कुठली यात शिरत नाही, ते तुम्हाला माहितीय. एवढंच सांगतो की मोबाइलने काढणार असाल तर वाइडवर जवळ जाऊन काढू नका, जरा लांब जा आणि दुप्पट झूम करा, कारण वाइडमध्ये पात्याचा आकार बदलतो आणि करणाऱ्याने त्या आकारासाठीच कागदावर दहा वेळा रेघा मारलेल्या असतात.

दोन्हीतला फरक कळायला एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे. पॉलिश केलेलं पातं फोटोत स्वतःचं फार कमी दाखवतं, समोर जे असेल ते दाखवतं. छत, पंखा, तुमचा शर्ट, मोबाइल, सगळं त्यात येतं. बरेच जण सांगतात की सीपीएल, म्हणजे लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर लाव, चकाकी जाईल. काचेवरची, पाण्यावरची जाते, वार्निश केलेल्या लाकडावरची पण जाते, पण नुसत्या धातूवरची चकाकी त्या फिल्टरला जुमानत नाही, लाइटवरही पोलरायझर लावला तरच काहीतरी हाती लागतं. म्हणजे पात्यासमोर काय ठेवायचं हे ठरवणं आलंच, आणि लाइट बॉक्स की खिडकी हा प्रश्न खरं तर एवढाच आहे.

लाइट बॉक्सचं आधी चांगलं सांगतो, कारण ते आहे. रात्री अकरा वाजता पण तोच उजेड, सकाळी पण तोच. पाच-सहा सुऱ्या एका दमात काढायच्या असतील, सगळ्यांचं बॅकग्राउंड सारखं पाहिजे असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. स्टोनवॉश किंवा ब्लास्ट केलेलं मॅट पातं त्यात व्यवस्थित येतं. दमास्कस तर खरंच छान येतं, हे मान्य करायला पाहिजे. १०९५ आणि १५एन२० असे दोन स्टीलचे थर एकमेकांवर वेल्ड करून घडवलेलं पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की १०९५ काळं पडतं आणि निकेल असल्यामुळे १५एन२० चकचकीत राहतं, मग चोहोबाजूंनी पांढरा कपडा असला की चकचकीत थर पांढरे होतात, काळे काळेच राहतात आणि नक्षी उठून येते. सुऱ्या घडवणारे विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत दमास्कस सुऱ्या लोकांसमोर मांडल्यापासून आज जगभर जे काम चाललंय, त्यातली ती नक्षी बघायला मला पण तितकंच आवडतं.

पण सॅटिन (बारीक सरळ रेषांच्या) आणि मिरर (आरशासारख्या) फिनिशच्या पात्यावरून माझं आणि त्या बॉक्सचं बिनसलं.

कारण त्याच्या कापडाच्या घड्या. बॉक्स दुमडून पिशवीत येतो, उघडला की कापडावर घडीच्या रेषा असतात, कोपऱ्यात शिवण असते. इस्त्री करा, पाणी मारून ताणून ठेवा, थोडं कमी होतं पण पूर्ण जात नाही. आणि पातं आरशासारखं असल्यामुळे ती प्रत्येक घडी पात्यात उतरते. नुसती उतरली असती तरी चाललं असतं, पण ती वाकडी होऊन उतरते, आणि फोटो बघणाऱ्याला वाटतं की ग्राइंडच, म्हणजे घासून काढलेली पात्याची उतरती बाजूच, लाटेसारखी झालीय. मित्राने फ्लॅट ग्राइंड केलेली एक शिकारी सुरी होती, मी स्वतः स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरून बघितली होती, पट्टी आणि पात्याच्या मधनं उजेडाची फट कुठे दिसत नव्हती. फोटो टाकला तर गिऱ्हाइकाने पहिला मेसेज केला, पातं मधे दबलंय का? आता त्याला कसं समजवायचं की ते आमच्या बॉक्सचं कापड आहे. भर म्हणून आतल्या एलईडी पट्टीचे ठिपके पण पात्याच्या पाठीवर ओळीने उमटतात, पण ते मी पट्टीपुढे कागद चिकटवून घालवले. घड्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

मला हे का खटकतं ते सांगतो. सुरीची धार फोटोत दिसत नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा आहे त्यात लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग इमारती लाकडाचे दांडके तोडायचे, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसच्या पकडीत धरून ९० अंशात वाकवायचं, मोडलं नाही पाहिजे. यातलं काहीच आपल्या फोटोत येणार नाही. त्याच परीक्षेत पुढे पाच सुऱ्यांची नुसती सफाई तपासतात, ती मात्र फोटोत येते. ग्राइंड सरळ आहे का, दोन्ही बाजूंच्या प्लंज लाइन (मुठीजवळ ग्राइंड जिथे संपतो त्या रेघा) समोरासमोर आहेत का, गार्ड (मुठीपुढची आडवी पट्टी) आणि पात्याच्या मधे केसाएवढी तरी फट आहे का. म्हणजे करणाऱ्याचं जेवढं काम फोटो दाखवू शकतो नेमकं तेवढंच तो बॉक्स खोटं दाखवत होता.

सॅटिन फिनिश कसं होतं बघा. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, २२० पासून चढत ४००, ६०० पर्यंत जायचं, प्रत्येक ग्रिटला (पेपरच्या खरखरीतपणाच्या नंबराला) आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचं. शेवटचे हात फक्त एका दिशेने, मुठीकडून टोकाकडे, मधे थांबायचं नाही आणि मागे यायचं नाही, कारण मागे आलात की शेवटाला आकड्यासारखा ओरखडा राहतो आणि मग परत पहिल्यापासून. मित्र हे करताना मी शेजारी बसलोय, तो बोलत पण नाही त्या वेळी. एवढं केल्यावर त्या बारीक सरळ रेषा फोटोत दिसल्या नाहीत तर काय उपयोग. चारी बाजूंनी उजेड आला की त्या रेषा पुसल्यासारख्या होतात. क्ले लावून पाणी दिलेल्या पात्यावरची हॅमोनची रेघ, म्हणजे कडक धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेची रेघ, पण तशीच, बॉक्समध्ये ती जवळजवळ गायबच.

आता खिडकी. उत्तरेची असेल तर उत्तम. खिडकीच्या आत मोठा ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, एकसंध पाहिजे, गुंडाळीतला घ्या, घडीचा नको. सुरी टेबलावर, कॅमेरा वरून, आणि पात्याची खिडकीपासून लांबची कड खोडरबराचा तुकडा ठेवून किंचित उचलायची, म्हणजे पात्याला छत दिसण्याऐवजी तो कागद दिसायला लागतो. मग काळा कार्डशीट हातात धरून कागदाच्या एका टोकाला हळूहळू सरकवायचा. पात्यावर उजळ ते काळपट असा उतार तयार होतो आणि ग्राइंड जिथे सुरू होतो ती रेघ कडक उठते, रेषा दिसतात, आणि पातं सरळ असेल तर तो उतार पण सरळ दिसतो. हॅमोनसाठी कार्डशीट अजून पुढे आणा, पातं बरंचसं काळं होऊ द्या, रेघ आपोआप पांढरी वर येते. शिसवी मुठीला समोरून थर्माकोलचा तुकडा धरला की बास. घरातली ट्यूब मात्र बंद करा, नाहीतर अर्धी सुरी निळसर, अर्धी पिवळसर.

खिडकीचा त्रास पण आहे, लपवत नाही. ढग आला की एक्स्पोजर बदललं, ढग गेला की परत बदललं. उन्हाळ्यात आमच्याकडे अकरानंतर समोरच्या भिंतीवरून असा उजेड आदळतो की काम थांबवावं लागतं. पावसाळ्यातला उजेड सगळ्यात मऊ, लाईट गेली तरी आपलं काम चालू, पण तेव्हा हवा दमट असते आणि कार्बन स्टीलवर बोटाचा ठसा राहिला की गंज धरायला वेळ लागत नाही. फोटोआधी स्पिरिटने तेल पुसायचं, सुती हातमोजे घालायचे, फोटो झाला की लगेच परत तेलाचा हात. आणि मित्राची सुरी रात्रीच पुरी होते, त्याला फोटो रात्रीच पाहिजे असतो.

त्यावर उपाय म्हणून मी तोच ट्रेसिंग पेपर एका चौकटीवर ताणला आणि मागे साधा एलईडी पॅनल जरा लांब ठेवला. खिडकीइतका जीव त्या उजेडात नाही असं मला वाटतं, पण घड्या नाहीत, शिवण नाही, पातं सरळ दिसतंय.

अशाच एका बाजूच्या उजेडात ऊसतोडीचा कोयता पण काढून बघा. गाडीच्या पाट्यापासून लोहाराने घडवलेला, काळा, धारेपुरताच घासलेला. त्यावर घणाचे आणि हातोडीचे ठोके एकावर एक कसे पडलेत ते दिसतं, पाठीकडे मोठे आणि धारेकडे बारीक होत गेलेले. बॉक्समध्ये तोच कोयता नुसती काळी पट्टी दिसतो. कस्टम सुरीइतकाच मान त्या हाताला पण द्यायला पाहिजे असं मला वाटतं.

तर तुमचं काम बहुतेक दमास्कस नाहीतर मॅट पात्यांचं असेल, महिन्याला ढीगभर सुऱ्या असतील, ऑनलाइन दुकानासाठी एकसारखे फोटो पाहिजे असतील, तर बॉक्स घ्या, वाया जाणार नाही. घेताना कडक भिंतींचा, प्लास्टिक शीटचा मिळतोय का बघा, कापडी टाळा. सॅटिन, मिरर, हॅमोन यातलं काही असेल तर माझ्या मते आधी स्टेशनरीच्या दुकानातनं गुंडाळीतला ट्रेसिंग पेपर आणि एक काळा कार्डशीट आणा, एक सकाळ द्या, आणि बॉक्सची ऑर्डर तोवर थांबवा.