निकॉन डी3500 की डी7200? बेळगावात दोन्ही वापरल्यानंतरचा माझा अनुभव

डी3500 हा निकॉनचा साधा कॅमेरा मी चार वर्षं वापरला, आणि त्याच्या वरचा डी7200 सेकंडहँड घेऊन आता नऊ महिने झाले. दोन्ही अजून घरातच आहेत, दोन्हीवर एकाच जागी सारखेच फोटो काढून बघितलेत, म्हणून लिहायला बसलोय. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच असतं की पैसे एवढेच आहेत, साधा नवा घेऊ की जरा वरचा जुना घेऊ, आणि दुकानात गेलं की जो तो मेगापिक्सेल सांगत बसतो. या दोन्हीचे मेगापिक्सेल 24 च आहेत, तिथं काही फरक नाही. मी उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, राहायला वडगाव. फोटो काढतो ते सुट्टीच्या दिवशी, कुस्तीची मैदानं, राकसकोपकडचे पक्षी आणि घरातली, भाऊबंदातली कार्यं. पैसे घेऊन लग्नाच्या ऑर्डरी करत नाही, त्या हिशोबानं वाचा.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. नुसत्या फोटोच्या क्वालिटीसाठी डी3500 सोडून डी7200 घेणार असाल तर घेऊ नका. किल्ल्यातली कमल बस्ती बेळगावच्या माणसाला सांगायला नको, 1204 साली बांधलेली आणि आतल्या छताला दगडातलं उलटं कमळ. एका सकाळी दोन्ही कॅमेरे घेऊन गेलो. खाली फरशीवर रुमाल घातला, कॅमेरा पाठीवर झोपवला, लेन्स सरळ छताकडे, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ 8, टायमर लावून बाजूला झालो. मग तीच 18-55 ची लेन्स काढून दुसऱ्या बॉडीला लावली आणि परत तसंच. दोन्हीचे 12 बाय 18 चे प्रिंट काढून आणले आणि दाजींच्या पुढ्यात ठेवले, दाजींना नजर आहे, साडीचा धागा लांबून ओळखणारा माणूस, पण त्यांनाही सांगता आलं नाही आणि मागं पेन्सिलनं लिहून ठेवलं नसतं तर मलाही आलं नसतं. पाकळ्यांच्या कडा, दगडाची काळी चकाकी, सगळं तेच. जे हलत नाही आणि ज्याला वेळ देता येतो ते साधा कॅमेरा तेवढंच चांगलं टिपतो. देवळं, धबधबे, घरातले पोर्ट्रेट, ट्रिपचे फोटो, यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

मग मी कशाला घेतला? कुस्तीसाठी. आनंदवाडीच्या मैदानात डी3500 घेऊन दोन सीझन बसलोय. दुपारी उजेडात ठीक चालतं, पण मोठ्या जोडी लागतात त्या संध्याकाळ उलटून गेल्यावर, तेव्हा लाइटवरच काम. हलगी कडाडत असते, पैलवान खडाखडी करत फिरत असतात, मिनिटं मिनिटं काही होत नाही आणि मग अर्ध्या सेकंदात कुणीतरी पट काढतो नाहीतर ढाक लावतो आणि समोरचा हवेत. तो अर्धा सेकंद मला पाहिजे असतो. डी3500 ला फोकसचे पॉइंट 11, त्यातला क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा पकडणारा, फक्त मधला एक. म्हणजे बाजूचा पॉइंट निवडून पैलवानाच्या चेहऱ्यावर धरलं की कमी उजेडात तो मागं पुढं शोधत बसतो, मधल्यानं धरून फ्रेम हलवली तर तोवर कुस्ती निकाली. माझ्या शेजारी एक म्हातारे वस्ताद बसायचे, ते एकदा म्हणाले, "पोरा, तू खटका दाबालास तवर त्याची पाठ लागली की." खरंच होतं ते. त्या मैदानातून साडेचारशे फोटो आणले आणि त्यातले चांगले मोजून नऊ.

डी7200 ला पॉइंट 51, त्यातले 15 क्रॉस टाइप, आणि अंधारात मधले पॉइंट पकडतात ते बघून मला पहिल्या दिवशी नवल वाटलं. पण खरं सांगतो, पॉइंटपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो दोन चाकांचा. अंगठ्याच्या चाकावर शटरचा वेग, पुढच्या बोटाच्या चाकावर अॅपर्चर, आणि आयएसओचं बटण डाव्या हाताला. डी3500 ला चाक एकच. मॅन्युअलला अॅपर्चर बदलायचं तर वरचं बटण दाबून धरून चाक फिरवा, आयएसओ बदलायचा तर आय बटण दाबून स्क्रीनवर शोधा, म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढायला लागतो. घरात बसून हे काहीच वाटत नाही, मैदानात डोळा काढला की गेलं. व्ह्यूफाइंडर पण डी7200 चा मोठा आणि उजळ, काचेचा प्रिझम आहे त्यात, आणि दिसतं ते पूर्ण 100 टक्के फोटोत येतं. डी3500 मध्ये 95 टक्केच दिसतं, त्यामुळं कडेला कुणाचं तरी कोपर आलेलं मला घरी आल्यावर कळायचं.

एक गोष्ट मात्र डी7200 नं पण सुटली नाही, ती म्हणजे लाइट. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं मैदानातले बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर 1/500 ला ठेवून लागोपाठ सहा फोटो काढले तर दोन नीट, दोन अंधारे आणि दोन पिवळट. 1/100 ला ठेवलं तर उजेड सारखा येतो, पण मग पैलवानाचे हात पाय पुसल्यासारखे येतात. फोटो काढताना हे सांभाळून घेणारी सोय 2016 च्या डी500 पासून निकॉननं दिली, डी7500 मध्ये आहे, डी7200 मध्ये नाही, कॅननच्या 80डी मध्ये पण आहे. रात्रीचे खेळ, शिवजयंतीचे चित्ररथ, असलं काही मुख्य असेल तर हे आधी बघा. मला घेताना कुणी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम लिहालोय.

आता लेन्सचं, कारण पैशाचा खरा हिशोब इथं आहे. डी3500 च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्समध्ये मोटर असेल तरच ऑटोफोकस, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सा. जुन्या डी टाइपच्या लेन्सा स्वस्तात मिळतात, मी पण 50 एमएम 1.8 डी कोल्हापुरातून जुनी आणली, आणि डी3500 ला लावली तर रिंग हातानं फिरवायची. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस झाला की ठिपका लागतो त्यावर काम चालतं, पण बाळ रांगत असलं तरी जमत नाही, कुस्ती लांबच. डी7200 च्या बॉडीत मोटर आहे, हीच लेन्स घर्र घर्र आवाज करत झटक्यात फोकस करते. आखाड्याच्या कडेला बसून रात्रीचं जे काय बरं काम माझं झालंय ते सगळं या जुन्या लेन्सवर.

तरी सुरुवातीला त्या लेन्सनं मला रडवलं. उघड्या अॅपर्चरला डोळ्यावर फोकस केला तर नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळा मऊ. मी म्हटलं लेन्स फसली. मग कामावरची सवय कामाला आली. स्टीलची फुटपट्टी टेबलावर तिरकी ठेवली, कॅमेरा स्टँडवर, 150 च्या रेघेवर फोकस केला आणि मोठं करून बघितलं तर 146 ची रेघ धारदार, म्हणजे चार मिलीमीटर अलीकडं. डी7200 च्या मेनूत एएफ फाइन ट्यून म्हणून आहे, उणे 20 ते अधिक 20. मी अधिक 7 वर ठेवलं आणि रेघ जागेवर आली. सगळं मिळून वीस मिनिटं. डी3500 ला ही सोयच नाही, लेन्स अशी निघाली तर सर्व्हिसला द्या नाहीतर स्क्रीनवर बघून काढा.

कार्डाचं सांगताना अजून वाईट वाटतं. भावाच्या मुलीचं बारसं होतं खानापूरला, डी3500 होता तेव्हा, कार्ड एकच बसतं त्यात. पाळण्याचे, बायकांनी कुर्रर्र केलं तेव्हाचे, आज्जीनं बाळाला मांडीवर घेतलं तेव्हाचे, सगळे फोटो काढले आणि घरी येऊन कॉम्प्युटरला लावलं तर कार्ड उघडेना. सॉफ्टवेअर लावून रात्रभर बसलो, अर्धे परत आले, आज्जीचे आले नाहीत. पुढच्या दिवाळीला आज्जी नव्हती. डी7200 ला दोन कार्डं बसतात, दुसरं मी बॅकअपला ठेवलंय, प्रत्येक फोटो दोन ठिकाणी. परत कधी न होणारं कार्य तुम्ही काढत असाल तर माझ्या मते नुसत्या या एका गोष्टीसाठी वरचा कॅमेरा घ्यावा. आणि ध्यानात ठेवा, डी7500 नवा असला तरी त्यात निकॉननं परत एकच कार्ड ठेवलंय.

डी3500 ची बाजू पण आहे. बॅटरी आणि कार्ड धरून वजन 415 ग्रॅम, डी7200 चं 765. येळ्ळूर गडावर चढताना हे गळ्याला कळतं. बॅटरी तर छोट्याचीच जास्त चालते, कंपनीच्या आकड्यात 1550 फोटो आणि मोठ्याचे 1110, आणि माझा अनुभव पण तसाच. स्क्रीन दोन्हीची न फिरणारी. व्हिडिओ मी करत नाही, फक्त एवढं की बाहेरचा माइक लावायला डी7200 मध्ये जागा आहे आणि डी3500 मध्ये नाही. पक्ष्यांना खरी गरज लेन्सची, 70-300 लावून डी3500 वर मी खंड्या काढलाय आणि अजून तो फोटो मला आवडतो. उडता धनेश मात्र जांबोटीच्या बाजूला डी7200 नंच दिला.

सेकंडहँड घेताना मी फसलो. विकणाऱ्यानं सांगितलं 20 हजार शटर झालंय, म्हणजे तेवढे फोटो काढून झालेत, आणि व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोतली माहिती पुसली जाते हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी आणून मूळ फाइल बघितली तर 61 हजार. निकॉननं हे शटर दीड लाखापर्यंत टेस्ट केलंय, त्यामुळं कॅमेरा काही वाया गेला नाही, पण किंमत त्या मानानं मी जास्त दिली आणि नंतर तो माणूस फोन उचलेना. तुम्ही स्वतःचं कार्ड घेऊन जा, तिथंच फोटो काढा, मूळ फाइल लॅपटॉपवर बघा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ 16 ला काढून सेन्सरवर डाग बघा, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. डी टाइप लेन्स बरोबर न्या आणि मोटर चालते का बघा. रबरी ग्रिप सुटलीय का तेही बघा.

बुरशीचं आपल्याकडं हलक्यात घेऊ नका. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडं कपाटातल्या चपलेला पण बुरा येतो, मग लेन्सला सोडतोय काय? पहिल्या पावसाळ्यात माझी 18-55 बॅगेतच राहिली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले. आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा 60 च्या वर गेला की पुड्या बदलतो. डी7200 ला पावसाच्या शिंतोड्यांपासून सील आहे म्हणतात आणि बॉडीला आहे पण, पण माझ्या लेन्सांना नाही, म्हणून पावसात मी अजूनही प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड घेऊनच जातो.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, का नाही असं विचारणार, माहीत आहे. बजेट असेल तर जरूर बघा. माझ्या बजेटात मिररलेसची बॉडी आली असती आणि लेन्सला पैसे उरले नसते, उलट लोक मिररलेसकडं चाललेत म्हणून डीएसएलआरच्या, म्हणजे या दोन्हीसारख्या आरशावाल्या कॅमेऱ्यांच्या, चांगल्या लेन्सा जुन्या बाजारात निम्म्यानं मिळालेत. पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी अजूनही चांगल्या अवस्थेतला डी3500 आणि 35 एमएम 1.8 जी सांगतो, त्या लेन्सला स्वतःची मोटर आहे. वर्षभर वापरा. फोकस चुकला म्हणून किंवा चाक फिरवायला वेळ लागला म्हणून फोटो जातायत असं दर आठवड्याला व्हायला लागलं की मग वरचा बघा.

डी3500 विकणार का म्हणून दोघांनी विचारलं, नाही विकणार. आठवीतली लेक वापरते तो, तिच्या हातात तोच नीट बसतो, आणि परवा तिनं काढलेला हलगीवाल्याच्या हातांचा फोटो माझ्या त्या मैदानातल्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला आलाय.