आईचं बीपी मशीन आणि मेडिकेअर: दीड वर्षाचा अनुभव

आई आमच्याकडे न्यू जर्सीत असते, वय 74, ग्रीन कार्डला 5 वर्षं झाल्यावर दर महिन्याला प्रीमियम भरून मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा, मुख्यतः 65 वर्षांवरच्यांसाठीचा आरोग्य विमा) घेतलंय. डॉक्टर म्हणाले बीपीचं घरून मॉनिटरिंग सुरू करू, मेडिकेअर कव्हर करतं. आम्ही लगेच हो म्हटलं. कव्हर म्हणजे फुकट नव्हे हे बिल आल्यावर कळलं. डिडक्टिबल, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची आपणच भरायची ठरावीक रक्कम, संपलं की पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) 80 टक्के देतं, वरची सप्लिमेंट म्हणजे पूरक पॉलिसी नसेल तर उरलेले 20 टक्के आपल्या खिशातून, आम्हाला महिन्याला 18-19 डॉलर पडतात.

मशीन मात्र झकास. दंडाला पट्टा बांधा, बटण दाबा, आतल्या सिममुळे रीडिंग आपोआप जातं, वायफाय नको अ‍ॅप नको. आईला पाच मिनिटांत जमलं, फक्त पहिला आठवडा स्वेटरवरूनच बांधत होती त्यामुळे आकडे वाट्टेल ते.

आता खरी गंमत. 30 दिवसांत निदान 16 दिवसांची रीडिंग गेली तरच मशीनचे पैसे क्लिनिकला मिळायचे, आणि तीही मशीनने स्वतः पाठवलेली, आई पुण्यात होती तेव्हापासून वहीत तारीखवार लिहिते ते धरत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या मध्यात दोन दिवस चुकले की ज्या कंपनीला क्लिनिकने काम दिलंय तिचे फोन सुरू, रीडिंग घ्या रीडिंग घ्या. आणि एका रविवारी सकाळी 172/98 आलं तेव्हा? कोणी नाही. सोमवारी दुपारी चार वाजता फोन. तोवर मीच डॉक्टरांच्या ऑन-कॉल नंबरवर बोलून मोकळी झाले होते. म्हणजे हे इमर्जन्सीसाठी नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, कोणी रात्रंदिवस स्क्रीनसमोर बसलेलं नसतं.

मॉनिटरिंगच्या फोन-बिनचं बिल वेगळं लागतं, 2025 पर्यंत ते महिन्यात निदान 20 मिनिटं काम झालं तरच लागायचं. आमची नर्स चांगली आहे, मीठ-लोणचं किती ते विचारते, तिच्यामुळेच डॉक्टरांनी गोळी बदलली आणि बीपी 135 च्या आसपास आलं. पण सगळ्यांना असं मिळत नाही. 2024 मध्ये सरकारच्याच आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या (खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या ऑफिसच्या) रिपोर्टात होतं की हे मॉनिटरिंग घेणाऱ्या जवळपास 43 टक्के लोकांना मशीन, शिकवणं आणि उपचारावरची देखरेख या तिन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत, एखादी तरी राहिलीच. म्हणून मेडिकेअरचं समरीचं पत्र (कशाकशाचं बिल लावलं त्याची यादी) आलं की मी तारखा आणि आईला आलेले फोन जुळवून बघते, तुम्हीही बघा.

2026 पासून 2 ते 15 दिवसांच्या रीडिंगसाठी आणि 10 मिनिटांच्या कामासाठीही वेगळे बिलाचे कोड आलेत, म्हणजे क्लिनिकला त्याचेही पैसे लावता येतात, तेव्हा ते 16 दिवसांचे फोन कमी होतील अशी आशा.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक पूर्ण त्या नर्सचा. मागच्या महिन्यात मशीनचे सेल संपले, तीन दिवस काहीच दिसेना म्हणून तिने फोन केला, तर आईने वही उघडून तिन्ही दिवसांचे आकडे जुन्या मशीनवरचे खणखणीत वाचून दाखवले, मराठीत.