‘सरकारी सोलर’वाल्यांनी आमच्या पाड्याला कसं गंडवलं

नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात नर्मदेकडच्या ज्या पाड्यांवर अजून विजेची तार पोचलेली नाही, तिथे सध्या ‘सरकारी सोलर’वाले फिरतायत. आमच्याकडे पिकअप घेऊन आले, सोलर दिव्यांचा संच दिला, म्हणजे प्लेट, बॅटरी आणि दिवे, आणि घरटी अडीच हजार रोख घेतले. बाकीचं म्हणे अनुदान.

लोक भोळे म्हणून फसले, असं म्हणायची घाई नको. त्या माणसाचं अर्धं बोलणं खरंच होतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत आदिवासी शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचा ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. घरोघरी वीज देण्याच्या २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी पाच एलईडी दिवे आणि पंख्यासह २०० ते ३०० वॅटच्या संचाची तरतूद होती, तेही ऐकलेलं. गड्यानं दोन्हींची खिचडी केली आणि साध्या पावतीपुस्तकावर ‘लाभार्थी हिस्सा’ लिहून पैसे उचलले. पंपाचा हिस्सा महावितरणकडे ऑनलाइन भरायचा असतो, कुणाच्या हातात द्यायचा नसतो, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

आधी दिवे झक्क लागले. मग जेवणं उरकायच्या आत विझायला लागले. काका रोज प्लेट पुसत बसायचा, धूळ बसली असेल म्हणून. शेवटी मी शहाद्याहून मल्टिमीटर, म्हणजे करंट मोजायचं यंत्र, आणला. बारा व्होल्टची १०० वॅटची प्लेट भर उन्हात शॉर्ट सर्किटला, म्हणजे दोन्ही टोकं थेट मीटरला जोडली की, साडेपाच-सहा अँपिअर दाखवते. आमची दोनच्या थोडी वर. मागचं ‘१०० वॅट’चं स्टिकर नखानं उचकटलं, तर खाली दुसरं: ४० वॅट.

बॅटरीचा डबा उघडल्यावर तर बोलतीच बंद. बाहेर ४० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं, आत ७ एएचची, यूपीएसमध्ये असते ती चिमुकली बॅटरी, आणि वजन भरावं म्हणून गुजराती पेपरात गुंडाळलेला पेव्हर ब्लॉकचा तुकडा!

पावतीवर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण विरुद्ध पक्ष कोण लिहायचा? पैसे रोख गेले, त्यामुळे बँकेतही माग नाही. आधारच्या झेरॉक्स दिल्यात, त्याचा घोर वेगळाच.

कुणी आलं तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच डबा उघडायला लावा. ‘सील तुटलं तर गॅरंटी जाते’ म्हणाला, तर पिकअपचा नंबर टिपून पोलिसांना कळवा. आमच्याकडे तो नंबर कुणी टिपला नाही. तेच लोक आता मोलगीकडे दिसल्याचं कानावर आलंय.