बेगमपुऱ्यातलं मुलींचं हॉस्टेल: स्वाधारच्या पैशात काय बसतं, काय नाही

मी जिंतूर तालुक्यातली, संभाजीनगरच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा फॉर्म भरला (वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकार राहण्या-जेवणाचे पैसे देतं ती) आणि इथल्याच बेगमपुऱ्यात कॉट बेसिसवर राहते. खाली काकूंचं घर, वर मुलींच्या रूम, एका रूममध्ये तिघी. हॉस्टेलचं नाव टाकत नाही. काकूंनाच ते नको आहे, आणि त्यांच्याकडची कॉट तशीही कधी रिकामी राहत नाही. पाचपैकी साडेतीन देईन. त्यातले दोन फक्त भाडेकरारासाठी.

बाहेरून येणाऱ्या मुलींना हे कळत नाही म्हणून सांगते. स्वाधारच्या फॉर्मला तुम्ही भाड्याने राहता याचा पुरावा जोडावा लागतो. अन् नेमकं इथंच निम्मे घरमालक मागे सरतात. आमच्याच गल्लीत एका ठिकाणी रूम बघितली होती, ऐसपैस, दोन खिडक्या. कराराचं नाव काढलं तर मालक म्हणाले, "कागदपत्र कशाला, आम्ही काय पळून चाललो?" पळून ते जाणार नाहीत हो, पण फॉर्मला काय लावू? काकूंनी मात्र न विचारता बाँडवर करार करून दिला. नाव आधार कार्डावर आहे तस्संच, मुदत 11 महिने, सही, शिवाय दर महिन्याला भाड्याची पावती.

आता पैशाचं. संभाजीनगरसाठी स्वाधारचे वर्षाला 51,000 मिळतात: भोजनाचे 28,000, निवासाचे 15,000, निर्वाहाचे 8,000. माझ्यासारख्यांना शैक्षणिक साहित्याचे वर 2,000, इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना 5,000. इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी हाच आकडा 43,000 आणि पुण्या-मुंबईला 60,000 आहे. योजना 2016-17 पासूनची आहे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि हजेरी 75 टक्के लागते, तेवढं सांभाळा.

रक्कम ठरलेली आहे. तुमचं भाडं किती, लाइट वेगळी की धरून, झाडूवालीचे कोण देतं, हे कुणी बघत नाही. माझ्या एका मैत्रिणीने मालकिणीला सांगून करारात लाइट-पाणी धरून भाडं वाढवून लिहून घेतलं. तिला वाटलं जास्त मिळतील. एक रुपया वाढला नाही. म्हणजे भाड्याच्या वर जे जे लावलं जातं, ते तुमच्या निर्वाह भत्त्यातूनच जाणार. म्हणून रूम बघताना भाडं विचारण्याआधी "वरचं काय काय?" हे विचारा.

आमच्याकडचं वरचं असं. भाडं 2,000, पाणी 100, साफसफाई 100, लाइट सबमीटरवर. पाण्याच्या शंभराला माझी तक्रार नाही. या शहरात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. जायकवाडी भरलं म्हणून पेपरात फोटो येतात आणि आमच्या गल्लीत टँकर उभा असतो. काकूंकडे खाली हौद आहे, पाणी आलं की रात्री दोनला उठून मोटर लावतात. उन्हाळ्यात टँकर मागवला तरी शंभरच घेतात. साफसफाईच्या शंभराला मात्र आहे. मावशी जिना आणि संडास-बाथरूम धुतात, रूम आपणच झाडायची. तरी प्रत्येकीचे शंभर, आणि आम्ही नऊ जणी.

सबमीटर दाराच्या वर आहे, स्टुलावर चढल्याशिवाय दिसत नाही. एक तारखेला काकूंचा मुलगा येतो, मोबाइलचा टॉर्च मारून आकडा वाचतो, वहीत लिहितो. युनिटला 10 रुपये. आम्ही तिघींनी दाराच्या मागे पेन्सिलने आकडे लिहायला सुरुवात केली, तेव्हापासून तो आधी आमचा आकडा बघतो, मग मीटर. भांडण कधी झालं नाही. वाट्याला सरासरी 180 येतात. एप्रिल-मेमध्ये कूलर लावला तर त्याचे 300 वेगळे, आणि युनिट पडतात ते पडतातच. एका कूलरचे दोनदा पैसे हे मला अजून पटलेलं नाही. काकूंना म्हटलं तर म्हणाल्या, "बेटा, पाणी पितो ना तो." त्यावर काय बोलणार. आम्ही कूलर न लावता गच्चीवर झोपतो, समोर मकबऱ्याचे मिनार दिसतात, मच्छरही भरपूर.

तर कूलर सोडून वर्षाचं, म्हणजे कराराच्या 11 महिन्यांचं गणित: भाडं 22,000, लाइट 1,980, पाणी 1,100, साफसफाई 1,100. मिळून 26,180. निवासाचे मिळतात 15,000. राहिले 11,180. निर्वाहाचे 8,000 त्यात गेले तरी 3,180 कमी पडतातच. मग भोजनातून ओढायचे.

इथे मेस कामाला येते. काकूंनी मेसची सक्ती केलेली नाही, हा मोठा फायदा. काही हॉस्टेलांत मेस गळ्यात मारतात आणि सुट्टीत गावी गेलात तरी पूर्ण महिना लावतात. मी शेजारच्या ताईंकडे दोन टाइमचं जेवते, महिना 2,600. त्या सलग चार दिवसांच्या वर खाडा धरतात, दिवाळी आणि मे मिळून एक महिना पूर्ण वजा. म्हणजे दहा महिन्यांचे 26,000, वाचले 2,000. पोळ्या पातळ, वरण घट्ट, भाजी रोज बटाट्याकडे झुकलेली. गुरुवारी ज्वारीची भाकरी आणि पिठलं असतं, त्या दिवशी कुणी खाडा घेत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्या दिवशी रूमवर पोहे.

एवढं करून खिशातून जातात 1,180, म्हणजे साहित्याच्या 2,000 मधले निम्म्याहून जास्त. ड्रेस, तेल-साबण, गावाकडच्या एसटीचं तिकीट यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

डिपॉझिट एका महिन्याचं, 2,000. ते परत मिळतं. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या दीदीचे भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांचे 200 कापून दिले, तेवढे जपा. आणि स्वाधारचे पैसे फॉर्म, पडताळणी सगळं झाल्यावर आधार जोडलेल्या खात्यात येतात, कॉट मात्र जून-जुलैतच धरावी लागते. काकू डिपॉझिट दोन हप्त्यांत घेतात, भाड्याला दहा तारखेपर्यंत थांबतात. त्यापुढे मात्र नाही. पप्पांना फोन लावतात, तो पण स्पीकरवर.

गेट रात्री नऊला बंद. लायब्ररीत बसणाऱ्यांना अडचण आहे, पण आधी सांगितलं तर मुलगा उघडतो. वायफाय नाही. कॉट बघायला गेलात तर जिन्याजवळची रूम घेऊ नका, मोटर तिच्याच भिंतीला लागून आहे.