बेरियम टायटनेट आणि केडीपी: रूप पालटण्याच्या दोन तऱ्हा

दोन्ही स्फटिक फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे आपोआप विद्युत ध्रुवीकरण (एक बाजू धन, दुसरी ऋण) धरणारे आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राने ते उलटवता येणारे; पण स्फटिकरचना बदलण्याची कारणे निराळी. बेरियम टायटनेटची जाळी, म्हणजे अणूंची मांडणी, सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर घनाकार असते. त्याखाली टायटॅनियमचा आयन मध्यापासून किंचित सरकतो, जाळी एका दिशेने जेमतेम एक टक्का लांबट होते आणि ध्रुवीकरण उमटते. गंमत म्हणजे गडी तिथेच थांबत नाही. ५ अंशांच्या आसपास आणि पुढे उणे ९० च्या सुमारास पुन्हा रूप पालटतो.

केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, थंड करत गेले तरी उणे १५० पर्यंत ढिम्म; रूप पालटते ते त्याखाली. इथे सूत्रे हायड्रोजनकडे: प्रत्येक हायड्रोजन बंधातला प्रोटॉन (हायड्रोजनचे केंद्रक) त्या तापमानाखाली दोन जागांपैकी एक धरून बसतो. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातले, की रूप पालटण्याचे हेच तापमान जवळपास ९० अंशांनी वर चढते! कपॅसिटरसाठी अर्थातच बेरियम टायटनेट. अभ्यासाला मात्र मी केडीपीच निवडेन.