नव्या विमानाचा तोल: बोटांवर की स्टँडवर?

रिमोटचं पहिलं विमान बांधून झालं की उडवायची घाई होतेच. पण सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या जागी तोललं जातं ती जागा) तपासल्याशिवाय मैदानावर नेऊ नका. नाक थोडं जड असेल तर विमान सुस्त उडतं आणि उतरवताना वेग जास्त ठेवावा लागतो, एवढंच. शेपूट जड असेल तर ते सुटल्या सुटल्या नाक वर करतं आणि नवख्याला सावरत नाही.

प्लॅनवर सीजी दिलेला असेल तर तोच धरा. नसेल, तर सरळ चौकोनी पंखाच्या ट्रेनरला (शिकाऊंच्या विमानाला) पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर खूण करा. पंख २० सेंमी रुंद असेल तर ५ ते ६ सेंमी.

बोटांवर तोलायला खर्च शून्य. खुणेवर पंखाखाली काडेपेटीची काडी चिकटवली की न बघताही बोट जागेवर बसतं. पण बोटाचं पेर रुंद, त्यामुळे ४ मिमी इकडेतिकडे सहज होतं, आणि २० सेंमीच्या पंखावर ते पूर्ण २ टक्के झाले. विमान मोठं असेल तर हातही थरथरतो.

स्टँड घरी होतो. पुण्यातल्या बोहरी आळीत लाकडी पट्ट्या मिळतात; फळीवर दोन उभ्या करायच्या आणि टोकांना खोडरबरवाल्या पेन्सिली बांधायच्या. खोलीतला पंखा बंद करा, नाहीतर विमान डोलत राहतं. बॅटरी आत हवी, पण जोडलेली नको. इंजिनचं विमान असेल तर टाकी रिकामी. पंख खाली असलेलं विमान उलटं ठेवून तोला. नाक किंचित खाली झुकलं तर पहिल्या उड्डाणाला उत्तम.

पहिला तोल स्टँडवरच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मैदानावर बॅटरी बदलली की मग बोटं पुरतात.

तोल चुकला तर शिसं की बॅटरी सरकवणं? आधी बॅटरी. १२०० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी २ सेंमी पुढे सरकवली की सीजी ३ मिमी पुढे येतो. तेच काम शिशाने करायचं तर, नाक सीजीपासून २० सेंमीवर असेल तेव्हा, सुमारे १८ ग्रॅम फुकटचं ओझं. जागाच उरली नसेल तर टायरवाल्याकडची चिकटणारी ५ ग्रॅमची वजनं बरी.

आडवा तोलही बघा: नाकावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा आणि शेपटीचं टोक धरून उचला. जो पंख खाली जातो, त्याच्या विरुद्ध टोकाला थोडं वजन लावा.