माझीच कॅसेट मलाच विकली!

३,४५० रुपये. चेन १,१५०, कॅसेट १,९००, मजुरी ४००. कोल्हापुरातल्या एका सायकल दुकानात रोख मोजले. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. चेन नवी बसवली, कॅसेट मात्र माझीच, डिझेलनं धुऊन!

चेन गेली होती हे मला माहीत होतं. पट्टी लावून बघितली होती. पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. माझी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली. अर्धं सूत वाढलं की चेन बदलायची. पूर्ण सूत होऊ दिलं की ती कॅसेटलाही खाते. त्यामुळं "काका, दोन्ही गेलंय" हे दुकानदाराचं बोलणं खरंच होतं. संशय घ्यायचा कशावरून?

सायकल ताब्यात घेताना कॅसेटला डिझेलचा वास येत होता. नव्या कोऱ्या मालाला डिझेल कशाला लागतंय? आतल्या चकत्यांच्या फटीत काळं वंगण तसंच होतं. दिसलं की मला! विचारलंही, जुनी कुठाय? "भंगारवाला आत्ताच घेऊन गेला." वर कंपनीचं रिकामं खोकं हातात दिलं. शनिवारची संध्याकाळ, दुकानात ही गर्दी, बाहेर धो धो पाऊस. तुम्ही तरी काय केलं असतं? जुना माल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला जोर लावला की खटाक! झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, उडते. दुकानदार म्हणे गिअर सेटिंग, आणि केबल पिळत बसला. जोर लावल्यावरच उडत असेल तर केबलला हात लावू देऊ नका. दुसऱ्या मिस्त्रीनं कॅसेट उतरवली. दात एका अंगाला झुकलेले, आणि मोठ्या चकतीवर माझ्या ओळखीचा ओरखडा.

चौकीत गेलो. साहेब हसले. "सायकलच्या चेनची तक्रार?" म्हणे ग्राहक मंचात जा. तिथल्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडं वहीतला फाडलेला कागद! उद्या या, साहेब मीटिंगला, झेरॉक्स दोन आणा. जिल्हा ग्राहक आयोगात (मंचाचं आताचं नाव) ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही म्हणे, पण हेलपाट्यांचं पेट्रोल कोण देणार? जीएसटी नंबर असलेलं बिल आधी घ्या, मग मजुरीची घासाघीस करा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतानाही तोच कागद कामाला येतो.

कॅसेट परत विकत घेतली. १,९५० वेगळे. या खेपेला खोकं मी स्वतः फोडलं.